बाईंचा नंबर

“मोबाइल नंबर सांगा.”

“नाही.”

“तुमचा नसेल तर घरातल्या कुणाचा?”

“घरात मीच आहे,” म्हातारा म्हणाला आणि खिडकीच्या जाळीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं नाव, पत्ता, दस्ताचा क्रमांक, फीची रक्कम, सगळं भरून झालं होतं. फक्त मोबाइलची चौकट रिकामी होती, म्हणून ती लाल झाली होती, आणि ती लाल असली की नवी प्रणाली एक पाऊल पुढे सरकत नसे. साक्षात ब्रह्मदेव खिडकीवर आला असता तरी तिने त्याला आधी नंबर विचारला असता.

“कुठून आलात?”

“लांबून. पहिल्या गाडीने निघालो.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि स्वतःचा नंबर टाकला. चौकट हिरवी झाली. पावती निघाली. बाईंच्या पर्समध्ये फोन टिणटिणला : तुमची फी जमा झाली आहे, धन्यवाद.

मी शेजारच्याच टेबलावर होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच येऊन अडणार आहे.

आमची कचेरी जुन्या दस्तांची. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटण्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, असं सगळं आमच्या तळघरात पडून असतं आणि लोकांना त्याच्या नकला लागतात. भावाभावांत फाटलं की लागतात, बाप गेला की लागतात. नक्कल हवी तर सरकारी फी भरायची, आणि फी घ्यायला एकतीस वर्षं एकच बाई. मी आवक-जावकचा कारकून. त्यांच्या शेजारी अकरा वर्षं बसलो. लोक त्यांना पावतीबाई म्हणत. फी भरून कुणी घाईत निघाला तर त्या खिडकीतून हाक मारायच्या, “ओ, पावती घ्या. सरकारला काही दिलंत तर हातात कागद असू दे. सरकारची आठवण फार कच्ची असते.” लोक हसत. मीही हसत असे.

आमच्या कचेरीत चिरीमिरी चालत नव्हती असं मी म्हणणार नाही. तळघरातून दस्त वर येण्याचा एक दर होता, लवकर येण्याचा दुसरा होता. कुणी चहापाणी म्हणायचं, कुणी काहीच न म्हणता टेबलाचा खण उघडा ठेवायचं. बाई मात्र नाकासमोर चालणाऱ्या. त्यांच्या खणात कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि सुईदोरा. त्याचा आम्हाला थोडा रागच यायचा, खरं सांगायचं तर. सरळ माणूस शेजारी बसला की आपण सतत वाकडे दिसतो.

प्रणाली सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आमचं प्रशिक्षण झालं. वरच्या खोलीत आम्ही बारा जण, कंपनीकडून आलेल्या एक मॅडम आणि साहेब. त्या दिवशी पंखा बंद पडला होता आणि साहेब प्रशिक्षणाच्याच पुस्तिकेने वारा घेत होते. मॅडमनी भराभर दाखवलं. आता अर्ज बाहेरून मोबाइलवरही भरता येणार, फी थेट सरकारी खात्यात. लगेच मोबाइलवर मेसेज. नक्कल तयार झाली की मेसेजमध्ये कोड येणार, तो दाखवल्याशिवाय नक्कल कुणाच्या हातात पडणार नाही. दलालांचा सुळसुळाट संपला, असं त्या म्हणाल्या.

बाईंनी हात वर केला. “ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी काय करायचं?”

“नंबर सक्तीचा आहे, मॅम. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.”

“ते दिसलं. पण नसेल तर?”

मॅडम साहेबांकडे बघायला लागल्या. साहेबांना जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, “अहो बाई, टाका की कुठला तरी. तुमचाच टाका. लोकांचं काम अडलं नाही म्हणजे झालं.”

सगळे हसले. मी सगळ्यात जोरात हसलो, कारण मी बाईंच्या शेजारी होतो आणि साहेबांच्या समोर.

एकतीस वर्षं जिने कुणाला पावतीशिवाय सोडलं नाही, तिने साहेबांच्या त्या वाक्याची पावती घेतली नाही.

त्यानंतर रोज दोन-तीन तरी माणसं तशी यायची. म्हातारी माणसं, एकट्या बायका, फोन गहाण टाकलेला एखादा. बाई स्वतःचा नंबर टाकायच्या. मग त्या सगळ्यांचे मेसेज बाईंच्या फोनवर यायचे, कोडही तिथेच यायचे. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बाईंनी शाळेची शंभर पानी वही आणली. तारीख, माणसाचं नाव, गाव, अर्जाचा क्रमांक, कोड आला का, नक्कल नेली का. अक्षर मोत्यासारखं. खिडकीवर लोक विचारायचे, “बाई, माझा मेसेज आला का हो?” जणू काही त्याच टपाल कचेरी होत्या. बाई वही उघडून बोट फिरवायच्या आणि सांगायच्या, “नाही आला अजून. गुरुवारी या. उगाच गाडीभाडं घालवू नका, मंगळवारी येऊ नका.”

दोन वर्षांत चार वह्या भरल्या.

मग एक दिवस मुख्यालयातून लखोटा आला. प्रणालीत म्हणे दलाल पकडायची सोय केली होती. एकाच नंबरवरून पन्नासच्या वर अर्ज आले की तो नंबर आपोआप लाल यादीत. आमच्या कचेरीतून त्या यादीत एकच नंबर निघाला. त्याच्यावर अकराशे त्रेचाळीस अर्ज होते.

फीचा एक पैसा कमी नव्हता, हे त्या पत्रातही लिहिलं होतं. पैसे सगळे सरकारात गेले होते. आरोप वेगळा होता : खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने मध्यस्थाचा धंदा चालवला, अर्जदारांचे कोड स्वतःच्या ताब्यात ठेवले आणि नकला अडवून लाभ उकळला असावा. “असावा” हा शब्द सरकारी कागदावर फार उपयोगाचा. म्हणणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही.

बाईंच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.

कचेरीच्या फाटकाशी जाड चष्म्याचा एक माणूस खुर्ची टाकून बसतो, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. अर्ज लिहून देणं हा त्याचा वरवरचा धंदा, आतला धंदा दलालीचा, हे सगळ्यांना ठाऊक. बाईंनी त्याला वर्षानुवर्षं खिडकीवरून हाकललं होतं. लखोट्याची बातमी त्याच्यापर्यंत आमच्याआधी पोचली असणार. संध्याकाळी मी बाहेर पडलो तर तो म्हणाला, “काय हो, चोर सोडून संन्याशाला फाशी? बाईंना एकच नंबर वापरायला कुणी सांगितलं?” त्याने खुर्चीखालचा बिस्किटांचा डबा पायाने पुढे सरकवला. आत सिमकार्डं होती, मूठभर. “माझे तेवीस आहेत. एकावर चाळीस झाले की दुसरं. ही अक्कल आमच्याकडे मागितली असती तर फुकट दिली असती.” तो कुचेष्टेने बोलत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, याचाच मला जास्त राग आला.

लखोट्याला उत्तर लिहायला बाईंनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, भिंतीला लागून शिवणयंत्र, त्याच्यावर चादर घातलेली. बाईंचे यजमान शिंपी होते. तीन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही, म्हणून धंदा बंद. औषधं कायमची. घर बाईंच्या पगारावर चाले आणि पुढे पेन्शनवर चालायचं होतं. यजमानांनी मला चहा आणून दिला तेव्हा अर्धा बशीत सांडला होता.

“हिने एकदा जरी खाल्लं असतं ना,” ते म्हणाले, “तर मला एवढं लागलं नसतं. खाल्लेलं निदान पोटात तरी गेलं असतं.”

“तुम्ही गप्प बसा हो,” बाई म्हणाल्या.

“बसतो. तुझ्या फोनची धर्मशाळा केलीस तेव्हाही गप्पच होतो.”

बाईंनी वह्या माझ्यासमोर ठेवल्या. “हे सगळं आहे. कोण आला, कधी नेली. यातल्या कुणालाही विचारा म्हणावं.” मग थांबून म्हणाल्या, “तू होतास ना रे त्या दिवशी? माझ्या शेजारी?”

“होतो की.”

“मग तेवढंच सांग. माझी बाजू वगैरे घेऊ नकोस, तुला घरदार आहे. फक्त, मी तिथे होतो, साहेब असं म्हणाले, मी ऐकलं. एवढंच.”

“सांगतो, बाई.”

“पेन्शन कापली तर कापू देत. एकवेळचं कमी खाऊ. पण दलाल म्हणून लिहिलंय रे कागदावर. ते पुसायला मी कुठल्या खिडकीवर जाऊ?”

मी पुन्हा म्हणालो, सांगतो. तेव्हा मी खरं बोलत होतो. माणूस पुष्कळदा खरं बोलतो, पाळायची वेळ येईपर्यंत.

चौकशीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला, मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते प्रशिक्षण झालं होतं बघा, दोन वर्षांपूर्वी. काय काय बोलणं झालं कोण जाणे. मला तर काही आठवत नाही. तुम्हाला आठवतं?”

मी चहाचा घोट घेतला.

“हेडक्लार्कची यादी या महिन्यात वर जातेय,” ते म्हणाले. “तुमचं नाव मी वरती ठेवलंय. बाकी काही नाही, सहज सांगितलं.”

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरता चिरताच म्हणाली, “खोलीत बारा जण होते ना? बाकीच्या दहांची काय जीभ झडलीय? तुम्हीच एकटे कशाला शहाणे?” मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर तिला सांगितलं. बाकीच्या दहा जणांकडे मी एकेक करून पाहिलं होतं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. बहुतेक तेही माझ्याकडे बघून तसंच म्हणत असतील.

चौकशी त्याच वरच्या खोलीत झाली. मी उघड्या दाराबाहेर बाकावर थांबलो होतो, आतलं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. चौकशी अधिकारी सभ्य माणूस, आवाज हळू, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पिणारा. बाईंनी वह्या पुढे केल्या. त्यांनी चारही वह्या सावकाश चाळल्या आणि म्हणाले, “फार व्यवस्थित आहे.”

“हो साहेब. एकही नक्कल चुकीच्या हातात गेली नाही.”

“तेच म्हणतो मी. इतका पद्धतशीर हिशोब कोण ठेवतं, सांगा बरं? ज्याला त्यातून काही मिळवायचंय तोच ना?”

बाईंनी त्या वह्या आपली बाजू म्हणून आणल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या समोरच्या बाजूला गेल्या. अर्जदारांना बोलावून विचारा, असं त्या म्हणाल्या. अधिकारी म्हणाले, अकराशे माणसांना नोटीस कशी काढणार? नोटीस मोबाइलवर जाते, आणि यांच्या सगळ्यांच्या नावापुढे नंबर तुमचाच आहे.

मग मला आत घेतलं. बाईंच्या शेजारची खुर्ची होती. बसायची सवय होती, तरी बसवेना.

“प्रशिक्षणाच्या वेळी तुम्ही हजर होतात?”

“होतो.”

“स्वतःचा नंबर टाका, असं तुमच्या साहेबांनी सांगितलं?”

“दोन वर्षं झाली साहेब,” मी म्हणालो. “बरंच बोलणं झालं होतं. नक्की आठवत नाही.”

मी ‘नाही’ म्हणालो नव्हतो. खोटं बोललो नव्हतो. जिन्यावरून वर येताना हे वाक्य मी चार वेळा घोटलं होतं, आणि त्यात कुठे खोट सापडत नाही ना, हेही तपासलं होतं. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वहीच्या कव्हरावर अंगठा फिरवत होत्या.

“साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचंय?” अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं. “तसा तुम्हाला हक्क आहे.”

“एकच,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “त्या दिवशी या खोलीतला पंखा चालू होता का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “बंद होता. साहेब पुस्तिकेने वारा घेत होते.”

तोंडातून गेलं आणि मग कळलं.

“झालं माझं,” बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, पंख्याचा इथे काय संबंध? बाई म्हणाल्या, काही नाही साहेब. लेखनिकाने साक्षीत लिहून घेतलं : पंखा बंद होता. मी त्याखाली सही केली.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात निकाल लागला. सौम्य लागला, असं सगळे म्हणाले. वयाचा आणि दीर्घ सेवेचा विचार करून बडतर्फी नाही. पेन्शनमध्ये कायमची कपात, सेवापुस्तकात लाल शाईने मध्यस्थ म्हणून शेरा, आणि तो नंबर प्रणालीतून कायमचा बाद. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम करायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली. शेरा असलेल्या माणसाचा सत्कार केला तर वर काय उत्तर द्यायचं? म्हणून नाही केला. बाईंनी पाचला खण रिकामा केला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि नेहमीसारखं, “येते रे,” म्हणून गेल्या. मी आवक रजिस्टरात डोकं घालून बसलो होतो.

हेडक्लार्कची यादी वर गेली. ती अजून वरच आहे. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना जुन्या साहेबांचा शब्द ठाऊक नाही, आणि मीही त्याची पावती घेतलेली नव्हती. तेवढं एक झालं, की खिडकीची जागा रिकामी होती, तिथे मला बसवलं.

खिडकीवर बसल्यावर मला कळलं, त्या लाल चौकटीपुढे रोज दोन-तीन माणसं थांबतात. मी त्यांना सांगतो, नंबर असल्याशिवाय होत नाही, बाहेर विचारा. बाहेर म्हणजे कुठे, हे ती आपोआप शोधतात. चष्मेवाल्याने दुसरी खुर्ची घेतली आहे.

निकालानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, जाळीतून एक अर्ज आत आला. अक्षर मी लगेच ओळखलं. मान वर केली तर समोर बाई होत्या. रांगेत उभ्या राहून आल्या होत्या. केसांना तेल, खांद्यावर तीच पर्स, थोड्या वाळलेल्या.

“बाई, तुम्ही रांगेत कशाला? आत यायचं ना.”

“आता आत कसली येते.” त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. “चौकशीच्या कागदांची नक्कल हवी आहे. अपील करायचंय. नव्वद दिवसांची मुदत परवा संपते.”

“एवढा उशीर कशाला केलात?”

“हे दवाखान्यात होते.”

मी नाव टाकलं, पत्ता टाकला. प्रकरण क्रमांक मला पाठ होता. मग ती चौकट आली. मी काही न विचारता बाईंचा नंबर टाकला. अकरा वर्षं शेजारी बसून तोही पाठ होता. चौकट लाल झाली आणि खाली ओळ आली : हा नंबर बाद करण्यात आला आहे.

“यजमानांचा नंबर?”

“त्यांच्याकडे कुठला फोन. बोटं थरथरतात, बटण दाबता येत नाही.”

“मुलीचा?”

“तिच्या सासरी मी यातलं काही कळू दिलेलं नाही. मेसेज तिकडे नको.”

मागे सात-आठ माणसं होती. त्यातला एक जण घड्याळ बघत होता. मी माझ्या नंबरचे पहिले दोन आकडे टाकले. तिसरा टाकताना माझं बोट थांबलं, अगदी क्षणभर. कुणाला दिसलंही नसतं. बाई एकतीस वर्षं याच जाळीतून माणसं बघत आल्या होत्या, त्यांना दिसलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुझा नको टाकू. उद्या कुणी विचारलं तर तुला परत आठवायचं नाही.”

रागाने म्हणाल्या असत्या तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. पण तिकीट कमी लावलंय, तारीख राहिलीय, असं लोकांना सांगायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या. मग जाळीखालून अर्ज ओढून घेतला, घडी घातली, आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, “घ्या, तुम्ही घ्या पुढे.”

पुढच्या माणसाचं काम मी कसं केलं ते मला खरंच आठवत नाही. त्यानंतरच्या बाईचंही नाही. मग पडद्यावर बाहेरून भरलेला एक अर्ज वर आला. बाईंचं नाव, बाईंचा पत्ता, तोच प्रकरण क्रमांक, फी जमा. मोबाइलच्या चौकटीत एक अनोळखी नंबर होता आणि चौकट हिरवीगार होती. प्रणालीची काही हरकत नव्हती. मी मंजूर केला.

मान वाकडी केली की माझ्या खिडकीतून फाटक दिसतं. चष्मेवाला उठून उभा राहिला होता. गिऱ्हाइकासाठी तो कधी उठत नाही. त्याने आपली खुर्ची रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे सरकवली. बाईंनी मान हलवली. त्याने पुन्हा काही तरी म्हटलं, बहुतेक बसा ना बाई, असंच. बाईंनी पर्स उघडून त्याचे पैसे मोजून दिले. तो नको नको म्हणत मागे सरत होता, तरी दिले. पावतीचा कागद हातात येईपर्यंत त्या खुर्चीच्या शेजारी उन्हात उभ्या राहिल्या, पण बसल्या नाहीत.